तसबिरीचा धनी

काशीहून येणाऱ्याने गंगाजल आणावे, पंढरपूरहून येणाऱ्याने बुक्का आणि चुरमुरे आणावेत, तसा मुंबईहून गावी येणाऱ्याने आपला फोटो आणावा, असा एके काळी आमच्या कोकणात जणू शिरस्ताच होता. ट्रंकेच्या तळाशी, नव्या लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेला तो फोटो ओटीवर जमलेल्या मंडळींच्या हातांतून फिरे. "मागे दिसतंय ते काय रे?" हा पहिला प्रश्न, "आणि हा पुढे उभा तो तूच ना?" हा दुसरा. माणसापेक्षा त्याच्या मागची इमारत अधिक न्याहाळली जाई, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. आपला माणूस एवढ्या मोठ्या शहरात जाऊन उभा राहिला, याचा तो दाखलाच होता.

परक्या शहरात जावे, तिथल्या रस्त्यावर उभे राहावे आणि पैसे मोजून एखाद्या जाणत्याकडून आपली तसबीर काढून घ्यावी, ही हौस वाटते तितकी आजकालची नाही आणि वाटते तितकी साधीही नाही. तसबीर निघताना तिथे तीन पक्ष हजर असतात: काढणारा, काढून घेणारा आणि मागे पसरलेले शहर. तसबीर एकच, मग तिचा धनी कोण? ती शेवटी जाते कुणाच्या घरी? मुंबईच्या रस्त्यांचा आणि कॅमेऱ्याचा इतिहास या एका प्रश्नाच्या दोरीने ओवता येतो, असे मला वाटते.

आरंभी या प्रश्नाला जागाच नव्हती. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे दागेर याची प्रकाशचित्राची कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारने त्याला वर्षासन बांधून दिले आणि ती विद्या जगाला खुली केली. दुसऱ्याच वर्षी तिची साधने कलकत्त्याच्या बाजारात विक्रीस आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ही चित्रे उमटत, आणि एका पत्र्यावर उमटलेले चित्र ते एकच. त्याची दुसरी प्रत निघत नसे. ज्याने पैसे दिले त्याने ते मखमलीच्या डबीत घालून घरी न्यावे, एवढा तो सरळ व्यवहार होता. ज्याचा चेहरा, त्याची तसबीर.

पुढे काचेवर उलटे चित्र घेऊन त्यावरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढण्याची रीत निघाली. १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची कृती प्रसिद्ध केली, आणि पुढची तीसएक वर्षे जगभर तिचाच अंमल चालला. एका काचेवरून शंभर प्रती निघू लागल्या, तेव्हा ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही, आपले नावही ऐकले नाही, अशा माणसाच्या दिवाणखान्यात आपला चेहरा जाऊन बसू लागला. धनीपणाचा घोळ सुरू झाला तो येथून.

याच सुमारास मुंबईने या विद्येत उडी घेतली. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथल्या संस्था १८५६ मधल्या. म्हणजे या बाबतीत मुंबई दोन वर्षे पुढे. १८५५ साली तर एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गच निघाला. एतद्देशीय विद्यार्थ्यांनी काच धुवावी, रसायने मिसळावीत आणि सूर्याला कामाला लावावे, ही त्या काळी केवढी नवलाची गोष्ट! डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव आपण सर्वजण जाणतो. त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे सोसायटीच्या कार्यकारी मंडळात होते, आणि मुंबईतल्या नाना थरांतल्या लोकांची चित्रे त्यांनी घेतली. एल्फिन्स्टनच्या त्या वर्गातून शिकून निघालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी किल्ल्यात रॅम्पार्ट रो येथे स्वतःचा स्टुडिओ थाटला. रॅम्पार्ट म्हणजे तट. गव्हर्नर फ्रेअर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, किल्ल्याचे तट पाडले गेले. रस्त्याच्या नावात तेवढी त्यांची आठवण उरली. आज त्याला के. दुभाष मार्ग म्हणतात, आणि काळ्या घोड्याकडे फिरायला जाणारा प्रत्येक प्रवासी त्यावरून चालतो.

त्या काळची मुंबईची चित्रे पाहिली तर एक गंमत ध्यानात येते. रस्ते ओस पडलेले दिसतात. कापसाच्या तेजीने फुगलेले ते शहर, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! याचे कारण महामारी नव्हे, बंद नव्हे. कारण काचेची मंद नजर. भिंगावरचे झाकण काढून काही सेकंद तरी थांबावे लागे. तेवढ्यात जो चालत गेला तो चित्रातून पुसला गेला किंवा त्याचे धुके झाले. उभी राहिली ती फक्त घरे, झाडे आणि स्वस्थ बसलेली माणसे. जुन्या चित्रांत मुंबई निर्मनुष्य दिसते ती मुंबई कामात होती म्हणून!

मग शहर आणि माणूस एका चित्रात आणायचा कसा? मुंबईच्या सरकारी नोकरीतल्या विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने यावर तोड काढली. मुंबईतल्या नाना जातींच्या आणि धंद्यांच्या लोकांची त्याने दोन खंडांत चित्रे प्रसिद्ध केली. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा, आणि दोन्ही लंडनमध्ये निघालेले. त्यातली माणसे एका ठिकाणी, सोयीच्या उजेडात उभी करून टिपलेली. मागचा रस्ता किंवा देऊळ दुसरीकडे टिपलेले. आणि मग दोहोंचा जोड देऊन एक चित्र केलेले. बारकाईने पाहिले तर माणसांची पावले त्या जमिनीवर नीटशी टेकत नाहीत. आपण आज मोबाईलवर मागचा देखावा बदलतो आणि स्वतःला मोठे कसबी समजतो. हा उद्योग याच शहरात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे.

पण मला त्या पुस्तकातले बोचते ते वेगळेच. त्या चित्रांखाली जात आहे, पंथ आहे, धंदा आहे. नाव मात्र बहुधा नाही. त्या बायाबापड्यांनी उन्हात उभे राहून चेहरा दिला. तो चेहरा जहाजात बसून विलायतेला गेला आणि कुणा साहेबाच्या कपाटात जाडजूड पुस्तकात मिटून पडला. चित्र मुंबईचे, माणूस मुंबईचा, आणि धनी सातासमुद्रापार.

याच्या उलट बाजूस स्टुडिओ होते. पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ साली एका काचेवर आठ लहान चित्रे घेण्याची युक्ती काढली, आणि पत्त्याएवढ्या कार्डावरचे फोटो मध्यम वर्गाच्या आटोक्यात आले. आपल्याकडेही काळबादेवीच्या बाजूला स्टुडिओ निघाले. तिथे पडद्यावर रंगवलेला राजवाडा असे, लाकडी कठडा असे, कागदी फुलांची कुंडी असे. सरधन्याचे लाला दीनदयाळ निजामाच्या राज्यात नावारूपाला आले. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी बाईमाणसाच्या देखरेखीखाली वेगळा स्टुडिओ काढला आणि १८९६ साली मुंबईतही शाखा उघडली. स्टुडिओत मागचे शहर खोटे होते हे खरे; पण तसबीर माणसाची होती. ती पुठ्ठ्यावर चिकटवून, वर पातळ कागद घालून त्याच्याच हाती दिली जाई.

खरे शहर आणि खरा माणूस एकत्र आले ते रस्त्यावरच्या फोटोवाल्यामुळे. हातात मावणारे कॅमेरे निघाले. १८८८ चा कोडॅक आणि १९०० चा एक डॉलरचा ब्राउनी यांनी ही विद्या शास्त्र्यांच्या हातून सुटवून सर्वांच्या हाती दिली. तरीपण गरिबाच्या हाती ती आली नाही. कॅमेरा घेण्याची ऐपत नाही, स्टुडिओची पायरी चढायचे धाडस नाही, अशा माणसाने काय करावे? त्याच्यासाठी फोटोवालाच रस्त्यावर येऊन उभा राहिला. जयपुरात हवामहालासमोर लाकडी पेटीचे कॅमेरे घेऊन बसणारे कारागीर याच कुळातले. पेटीतच अंधारखोली, बाहीतून आत हात घालून तिथेच कागद धुवायचा आणि ओला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा.

मुंबईत या मंडळींचे माहेरघर म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज बादशहा १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरले तेव्हा ही कमान उभीच नव्हती. विटेट या वास्तुकाराने आखलेले हे काम १९२४ साली पुरे झाले. साम्राज्याच्या दिमाखासाठी बांधलेल्या या कमानीखालून १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी चालत गेली आणि बोटीत बसली. त्यानंतर ती कमान आमच्यासारख्यांची झाली. बादशहांसाठी बांधलेल्या दरवाजासमोर चणे खात उभे राहावे आणि फोटो काढून घ्यावा, याहून मोठे स्वराज्य ते कोणते?

माझ्या घरी असा एक फोटो आहे. माझे वडील आणि त्यांच्याच वाडीतला एक सोबती असे दोघे गेटवेसमोर उभे आहेत. वडील गिरणीत बदली कामगार होते. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत पंचवीस जणांत राहत आणि खानावळीत जेवत. फोटोच्या मागे त्यांच्या हातची अक्षरे आहेत: दोघांची नावे आणि '१९७२, दसरा'. त्या वेळची पद्धत ते सांगत. पैसे आगाऊ द्यायचे, वहीत पत्ता लिहून द्यायचा आणि घरी जायचे. फोटो पुढे टपालाने येई. "आणि नाही आला तर?" असे मी लहानपणी विचारी. "आला ना!" एवढेच ते म्हणत. ज्याचे नाव ठाऊक नाही अशा माणसाच्या हाती कामगाराने पैसे ठेवले, आणि तीन आठवड्यांनी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत पोस्टमनने लखोटा आणून दिला. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. वडील गावी परतले ते कायमचेच. मुंबईची चौदा वर्षे त्यांच्याजवळ उरली ती त्या एका चौकोनात.

गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत सौभाग्यवतींना मुंबई दाखवावी असे ठरले, तेव्हा माझ्या मनात हा फोटो होता. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, हल्ली शहरात फिरायला आलेल्या पाहुण्यांसाठी फोटोची फेरी ठरवता येते. वाट दाखवणारा आणि फोटो काढणारा माणूस एकच. तो दोन तास बरोबर हिंडतो, रस्त्यांची माहिती सांगतो आणि चालता चालता फोटो काढतो. मोबाईलवर एक तक्ता भरायचा: माणसे किती, भाषा कोणती, फोटो चेहऱ्याचे हवेत की रस्त्याचे. निम्मे पैसे आगाऊ. वडिलांच्या वहीतला पत्ता आणि हा तक्ता यांत मला फारसा भेद दिसला नाही. न पाहिलेल्या माणसावर विश्वास टाकायचा तो टाकायचाच.

दुसऱ्या दिवशी फोन आला. जे. जे. मध्ये शिकलेली एक मराठी मुलगी बोलत होती. "सर, रविवारी सकाळी साडेसहाला हुतात्मा चौकात या. उशीर नको, ऊन चढलं की चेहऱ्यावर सावल्या पडतात. आणि काकूंना सांगा, चालायच्या चपला घाला." काकूंनी चपला चालायच्या घातल्या, पण वर पैठणी नेसल्या. तडजोड ही संसारात अशीच होते.

त्या मुलीने आम्हाला वाट दाखवली ती इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल अशी. फ्लोरा फाउंटन १८६४ चे, आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक. पुढे काळा घोडा. युवराज असलेल्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा तिथे १८७९ साली बसवला गेला आणि १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेला गेला. घोडा गेला तरी नाव राहिले, आणि २०१७ साली त्या नावाखातर स्वाराशिवायचा नवा घोडा आला. वॉटसनच्या लोखंडी सांगाड्याच्या हॉटेलापाशी तिने सांगितले की, १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्याप्रथम दाखवली गेली ती येथे. मी पुस्ती जोडली: त्या नव्या खेळाने भारून गेलेले आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, हे मूळचे फोटोवालेच होते, त्यांनी पुढे १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. ती हसून म्हणाली, "सर, पुढच्या फेरीला तुम्हीच चला माझ्याबरोबर. मी फक्त फोटो काढीन."

बाईमाणूस खांद्याला कॅमेरा लावून रस्त्यात उभी राहते, याचे आता कुणाला नवल नाही. पण याच जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी तीसच्या दशकात मुंबईचे जनजीवन टिपायला आरंभ केला, तेव्हा त्यांची काही चित्रे त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली गेली. चित्र काढणाऱ्याचेही नाव असे हरवू शकते. पुढे त्यांनी दिल्लीत स्वतंत्र भारताची पहिली वर्षे टिपली आणि २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास, त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आमच्या वाटाड्या मुलीचा एक नेम मी पाहिला. फुटपाथवर वर्तमानपत्रांच्या घड्या घालणारे लोक होते, चहावाला होता, हातगाडीवाला होता. प्रत्येकाला ती आधी विचारी आणि मगच कॅमेरा उचली. दोघांनी नको म्हटले, तेव्हा ती "बरं दादा" म्हणून पुढे निघाली. चहावाल्याने होकार दिला. फोटो निघाल्यावर तिने पिशवीतून लहानसे छापायचे यंत्र काढले, मिनिटभरात कागद बाहेर आला आणि तो तिने त्याच्या हाती दिला. "ही युक्ती कुठे शिकलीस?" मी विचारले. तिने गेटवेच्या दिशेला हात केला. "तिथल्या काकांकडून. फोटो दिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला सोडत नाहीत."

गेटवेवर आम्ही पोचलो तेव्हा सूर्य बंदरावर बराच वर आला होता. मी वडिलांचा फोटो काढून दाखवला आणि म्हटले, अगदी याच जागी आम्हा दोघांचा काढ. तिने फोटो उजेडात धरला. "सर, याच जागी काढते, पण असा नाही येणार. कमान पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तिच्यामागे असतो, त्यामुळे तुमचे चेहरे काळे येतील. या फोटोत चेहऱ्यावर ऊन आहे आणि सावल्या मागे कमानीकडे गेल्यात. म्हणजे हा दुपारनंतरचा आहे. त्या दिवशी ते दुपारी रिकामे झाले असतील." पहिली पाळी दुपारी सुटत असे. पन्नास वर्षे हा फोटो आमच्या घरात होता. पाळीवरून सुटून, अंघोळ करून, स्वच्छ सदरा चढवून निघालेले दोन तरुण त्यात मला तोवर दिसले नव्हते.

तिथल्या एका वृद्ध फोटोवाल्याला तिने हाक मारली. गळ्यात नमुन्यांचा अल्बम, खांद्याला पिशवी. आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे दहा जणांना विचारावे तेव्हा एखादा थांबतो, असे तो म्हणाला. पण गाऱ्हाण्याचा सूर नव्हता. त्याने फोटो हातात घेतला, उलटसुलट केला, कडेवरून अंगठा फिरवला. "साहेब, हा कुणी काढला ते मला नाही सांगता येणार. पण माणूस इमानदार. पाणी भरपूर दिलंय याला." मला अर्थ कळेना. तेव्हा त्याने समजावले: कागदावर चित्र पक्के करायला हायपो नावाचे द्रव्य लागते, आणि मग ते वाहत्या पाण्यात खूप वेळ धुऊन काढावे लागते. घाईत ज्याने कमी धुतले त्याचा फोटो काही वर्षांत पिवळा पडतो आणि विरत जातो. "गिऱ्हाईक गावी गेलेलं. परत भांडायला थोडंच येणार? तरी धुतलाय."

वाचकहो, इतिहासात आपण राजांची आणि सेनापतींची सचोटी मोजतो. एका अनामिक फोटोवाल्याने १९७२ साली एका बदली कामगाराच्या फोटोला पुरेसे पाणी दिले, ही गोष्ट कोणत्या बखरीत लिहायची?

दोन तास संपले होते. मी आणखी एका तासाचे पैसे देऊ केले आणि लालबागला चल म्हटले. ही फेरी तिच्या तक्त्यात नव्हती. पाहुणे लालबागला फोटो काढायला येतात ते गणपतीत. एरवी सारी मुंबई काळ्या घोड्यापासून गेटवेपर्यंत संपते. पण ज्यांनी गेटवेसमोर उभे राहून फोटो काढून घेतले ती माणसे राहत होती इकडे, चाळींत. वडिलांची खोली ज्या गल्लीत होती तिथे आता एका बाजूला उंच इमारत आहे. दुसऱ्या बाजूला एक जुनी चाळ अजून तग धरून आहे. तिच्या गॅलरीत एक आजी उन्हाला बसल्या होत्या. आमच्या मुलीने नेमाप्रमाणे विचारले.

"काढ की," आजी म्हणाल्या. "आधी पण खूप जणं येऊन गेली. जुनी चाळ म्हणून कौतुक करतात, फोटो काढतात, जातात. कुठे छापतात ते त्यांनाच ठाऊक. आमच्याकडे एक पण नाही त्यातला."

फोटो छापून हाती दिल्यावर त्यांनी तो पदराने पुसला, लांब धरून पाहिला आणि परत मुलीकडे दिला. मला वाटले, आवडला नाही. पण त्या म्हणाल्या, "मागे नाव घाल माझं. आणि साल घाल. नाहीतर नातवंडं विचारतील, ही कोण म्हातारी?" मुलीने पेन शोधले, तेव्हा ते माझ्या खिशात निघाले. शाळामास्तराच्या खिशात दुसरे काय असणार! आजींचे नाव त्यांच्या देखत, त्या सांगतील तसे, आडनावासकट मी लिहिले. त्यांनी ते वाचून पाहिले. "आता बरोबर," म्हणाल्या.

जॉन्सनच्या खंडांत जे राहून गेले ते एवढेच होते. कॅमेरा सुधारला, काच गेली, फिल्म आली, २००८ साली पोलरॉइड कंपनीने आपली झटपट फिल्म काढणेही थांबवले. आता चित्र कशावर उमटते हे डोळ्यांना दिसतदेखील नाही. पण व्यवहार तेच दोन उरले आहेत: एकात चेहरा घेऊन माणूस निघून जातो, दुसऱ्यात चेहरा देणाऱ्याला त्याची तसबीर परत मिळते. पहिल्या व्यवहारातून मोठमोठे ग्रंथ झाले, संग्रहालये भरली. ते मोलाचेच आहेत. ते नसते तर जुन्या मुंबईबद्दल मला तरी काय लिहिता आले असते? दुसऱ्या व्यवहारातून मात्र कोकणातल्या, देशावरच्या, खानदेशातल्या घराघरांच्या ट्रंका भरल्या. त्यांचा इतिहास अजून लिहिलेला नाही, कारण तो ज्यांच्याकडे आहे त्यांना तो इतिहास वाटतच नाही.

आमच्या फेरीचे बेचाळीस फोटो चार दिवसांनी मोबाईलवर आले. त्यांतला सौभाग्यवतींनी पसंत केलेला एक, कमानीसमोर पैठणीचा पदर सावरतानाचा, आम्ही कागदावर छापून घेतला. आमचे चेहरे त्यात थोडे काळवंडलेच आहेत, कारण वेळ सकाळची होती. कुणी नातवंड पन्नास वर्षांनी सावल्या पाहील आणि सांगेल की, ही मंडळी पहाटे उठून आली होती.

पण त्याला ते सांगता यावे यासाठी एक काम आपण करून ठेवले पाहिजे. माझ्या वडिलांच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात चण्याची पाटी घेतलेला एक मुलगा आला आहे. दहा-बारा वर्षांचा असेल. कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. वडिलांनी दोघांची नावे लिहिली. तिसऱ्याचे त्यांना ठाऊक नव्हते. तो आज असला तर साठीच्या पुढे असेल, आणि आपला एक फोटो राजापुराकडच्या एका घरात आहे याची त्याला वार्ताही नसेल. असे अनोळखी पाहुणे प्रत्येक घरच्या फोटोत असतात. त्यांना इलाज नाही. पण जे आपले आहेत त्यांना तरी अनोळखी होऊ देऊ नये.

दिवाळीत घरे झाडली जातात, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि फराळाला चार पिढ्या एकत्र बसतात. वाचकांनी या वेळी एवढे करावे. जुने फोटो काढावेत, घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या मांडीवर ठेवावेत, आणि तो सांगेल तशी नावे आणि साल मागे मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहावीत. ही कोण, तो कोण, मागे दिसते ते गाव कुठले, त्या दिवशी काय होते, सारे विचारावे. मोबाईलमधले जे प्राणापलीकडचे वाटतील ते दहावीस कागदावर उतरवून घ्यावेत आणि त्यांच्या मागेही लिहावे. वडील माणसाला हे काम आवडते, असा माझा अनुभव आहे. फक्त त्याला घाई करू नये, कारण प्रत्येक नावाला एक गोष्ट चिकटलेली असते आणि ती ऐकावी लागते. तोवर चकल्या संपल्या तरी चालेल.